तुळईवर तळहात

चोलोक-बेल, १९ ऑक्टोबर

जाऊबाई,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. शायलोबेकच्या टॅक्सीतून बटाट्याचं पोतं पाठवते आहे, त्याच्या तोंडाशी हे पत्र बांधलं आहे. बटाटे बुरूलसाठी, बाळंतिणीला लागतात. रागाच्या भरात दोन्ही परत पाठवू नका. बटाट्यांनी तुमचं काही वाकडं केलेलं नाही.

मी हे तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच खिडकीशी बसून लिहिते आहे. तुम्हाला ते सलणार, मला ठाऊक आहे. मलाही इथे फार सुखाने घास जातो असं समजू नका. पण गावच्या वडीलधाऱ्या अक्सकाल पंचांचा निवाडाच तसा झाला: धुराडं रचणाऱ्या उस्ताच्या कामामुळे ज्यांचं छप्पर गेलं, त्यांनी छप्पर उभं राहीपर्यंत उस्ताच्या छपराखाली राहायचं. त्याच संध्याकाळी तुम्ही गाठोडं बांधलंत आणि लेकीकडे, बुरूलकडे, तोकमोकला निघून गेलात. जाताना दारात म्हणालात, तक्रार मागे घेतल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही. तुमच्या धाकट्या दिराने, जूमार्तने, खाली मान घातली. मी घातली नाही, हे तुम्ही पाहिलंतच.

तुमचं म्हणणं गावभर झालं आहे. सख्ख्या भावासाठी ज्याने एक दाणा न घेता विटा रचल्या, त्याला पंचांसमोर उभं करणारी ही कसली धाकटी जाऊ. बरोबर आहे. भावजींनी काही घेतलं नाही. घर बांधताना अशारला सगळं गाव हात लावायला आलं होतं, तसेच तेही आले, मेंढीचं मटण खाल्लं, आम्ही दिलेला अंगरखा खांद्यावर घेतला आणि गेले. पण आम्ही शेतात बटाटे काढत असताना माळ्यावरचं गवत पेटलं, तेव्हा काम फुकटचं होतं की विकतचं हे आगीने विचारलं नाही. जूमार्तचे दोन्ही हात अजून पट्ट्यांत आहेत. जेवताना चमचा मी धरते. मुलासारखं तोंड उघडतो आणि मग लाजतो.

एक गोष्ट मात्र राग बाजूला ठेवून लिहिते. त्या दिवशी बादली घेऊन सगळ्यांत आधी धावलात त्या तुम्हीच. आणि जूमार्त कुडकुडत उभा होता, तेव्हा तुमच्या पेटीतली दुलई, लग्नातली, तुम्ही त्याच्या अंगावर टाकलीत. ती धुराने काळी झाली आहे. धुऊन पाहिली, वास जात नाही. हे मी पंचांसमोरही सांगितलं होतं, पण तोवर तुम्ही कान बंद केले होते.

आता तक्रारीचं. मी ती माझ्या छपरासाठी केली नाही. छप्पर गावाने आज ना उद्या घालून दिलंच असतं. आगीनंतर ढिगारा उपसताना मी धुराडं पाहिलं. तक्तपोशीतून ते जिथे वर जातं, तिथे विटा दुप्पट जाड हव्यात आणि लाकूड वीतभर लांब. आमच्याकडे तुळईचं टोक पातळ विटेला सरळ टेकलेलं होतं, मधे लोकरीचा नमदा आणि चिखल. वर्षभर ते आतल्या आत भाजत राहिलं. आणि गावात अर्ध्या घरांची धुराडी त्याच हातांची आहेत, जाऊबाई. मी गप्प बसले असते तर दुसऱ्या कुणाचं घर वाट पाहत बसलं असतं.

पंचांच्या लेखनिकाने विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध. आता मोठ्या दिराचं नाव मी कशी घेणार? म्हटलं, दाराशी बसलेत ते, करड्या टोपीवाले. म्हातारे हसायला लागले. तेव्हा भावजी उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "एसेनकुल. लिहा, माझंच नाव."

तुम्ही तेव्हा बाहेर उभ्या होतात, म्हणून सांगितलं.

तुमची गाय दूध देते आहे. लाथही मारते, पण मलाच.

उमुतकान

•

चोलोक-बेल, ६ नोव्हेंबर

जाऊबाई,

पोतं रिकामं परत आलं, म्हणजे बटाटे घेतलेत. पत्राचं काय झालं ते शायलोबेकला विचारलं, तर तो म्हणे, "मी गाडी चालवतो, हेरगिरी करत नाही." तुम्ही ते चुलीत घातलं असेल तरी मी लिहिणार. निदान तेवढी ऊब तरी मिळेल तुम्हाला.

आमच्या घराच्या भिंती तपासून झाल्या, धक्का नाही. काल पुन्हा अशार झाला. मला वाटलं होतं, माझ्यावर चिडून निम्मं गाव येणार नाही. सगळे आले. ज्यांनी विहिरीवर मला टोमणे मारले, त्यांनीच वासे वाहिले. एक जण तर टोमणा मारतच वासा धरून उभा होता. मी प्रत्येकाच्या हातात तळलेले गरम बोर्सोक ठेवत गेले आणि डोळे भरून येत होते, म्हणून धूर लागल्याचं नाटक केलं. धूर कुठेच नव्हता.

कारिपबाय अक्सकालही आले. तुम्हाला आठवत असेल, घर बांधताना याच तुळईवर त्यांनी दोन्ही तळहात धरून आशीर्वाद म्हटला होता आणि आपण सगळ्या बायकांनी तिला कापडं बांधली होती. ते जळक्या टोकापाशी जाऊन उभे राहिले. मग सगळ्यांसमोर बोलले. तेव्हा भावजींना तुळई कापायची होती म्हणे. टोक कापून, आडवं लाकूड टाकून, धुराड्याला जागा करायची होती. कारिपबायांनीच अडवलं होतं. ज्या लाकडावर आशीर्वाद बोलला त्याला करवत लावायची नाही, घराचं नशीब तुटतं, असं म्हणाले होते. पंच बसले तेव्हा हे ना त्यांच्या तोंडून निघालं, ना भावजींच्या.

"म्हणजे निवाडा द्यायला बसलेला मीच खरा गुन्हेगार," कारिपबाय म्हणाले. "एसेनकुलचं नाव काढा, माझं घाला."

मला वाटलं, आता भावजी सुटले. खरं सांगते, मलाही हलकं वाटलं. मनात आलं, लगेच तुम्हाला कळवावं.

भावजी वर वाशांवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "बाबा, तुम्ही आशीर्वाद दिलात, तो चांगलाच होता. धुराड्याचं मी बघायचं होतं. तुम्हाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही माझी. ती हिंमत कामाचाच भाग होती."

मग कारिपबायांनी करवत मागितली. नव्या तुळईला पहिला काप त्यांनी स्वतः घातला, धुराड्यापासून वीतभर लांब, आणि मगच हात पसरले. यापुढे आधी धुराड्याची जागा, मग तुळई, मग आशीर्वाद, असं ठरलं आहे. कापडं आम्ही शेवटी बांधली. तुमच्या नावाचंही एक मी बांधलं. तुमच्या पेटीतलं निळं, परवानगी न घेता.

जाऊबाई, अशा माणसाबरोबर तुम्ही जन्म काढलात. मला तुमचा हेवा वाटला, असं लिहिताना जड जातं, पण लिहिते.

उमुतकान

•

चोलोक-बेल, २७ नोव्हेंबर

जाऊबाई,

निवाड्यात आणखी एक अट होती ती आठवते ना? भावजींनी आपल्या हातची सगळी धुराडी माळ्यावर चढून उघडून पाहायची. त्यावरूनच तुम्ही सगळ्यांत जास्त चिडला होतात. नवऱ्याला दारोदार आपलीच चूक दाखवत फिरायला लावलं म्हणून. तर ते फिरले. या थंडीत शेगडी विझवू द्यायला कोण तयार होतं? लोक म्हणत, आमचं चांगलं चाललंय, तुम्ही कशाला मोडता. भावजी दारात उभे राहून सांगत, पंचांचा हुकूम आहे, माझ्याविरुद्ध आहे, तुमच्याविरुद्ध नाही. मग दार उघडायचं.

बहुतेक ठिकाणी लाकूड लांब होतं. म्हाताऱ्या साबिराकडे तुळई आरपार कोळसा झालेली निघाली. बोटाने टोचली तर चुरा पडला. त्याखालीच साबिराची नातवंडं झोपतात. तिने आधी भावजींना शिव्या दिल्या, मग जेवू घातलं, मग पुन्हा शिव्या दिल्या. परवा ती दह्याचं मडकं घेऊन आली आणि माझा हात हातात घेऊन बसली.

आमच्या घरात फक्त शेगडी व्हायची आहे. ती बांधली की तुमचं घर तुम्हाला मोकळं. भावजी सध्या घरीच असतात. थंडी फार आहे.

पण हे पत्र घाईने लिहिते आहे ते वेगळ्या कारणाने. काल जेवताना भावजी एकदम थांबले. शेवयांच्या लग्मानचा वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, "बुरूलकडेही."

तुमच्या आठवणीत असेलच. बुरूलचं तोकमोकचं घर बांधलं तेव्हा आपण सगळे इथून गेलो होतो. आशीर्वाद कारिपबायांचाच, कापडं आपलीच, आणि शेगडी भावजींची. आणि तुळई धुराड्यावरच येत होती. तीही कापली नाही.

त्यांनी तिथल्या तिथे जावयाला फोन लावला. जावई म्हणाला, घरात तान्हं मूल आहे, त्याचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे, दिवसरात्र शेगडी पेटती ठेवतो, आता कुठे मोडतोड. मग तुम्ही फोन हिसकावून घेतलात. तुमचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला. "तिच्या सांगण्यावरून मी माझ्या नवऱ्याचं काम फोडू देणार नाही," म्हणालात आणि फोन ठेवलात.

भावजी फोनकडे बघत राहिले. तुम्ही त्यांच्या बाजूने बोललात आणि त्यानेच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

जाऊबाई, दिवसरात्र पेटती शेगडी म्हणजे काय, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. मोडायला सांगत नाही. फक्त बघा.

उमुतकान

•

चोलोक-बेल, ४ डिसेंबर

जाऊबाई,

उत्तर नाही. फोन नाही. शायलोबेक सांगतो, तुम्ही त्याला चहा देता आणि आमच्याबद्दल एक शब्द विचारत नाही. घाटात बर्फ पडलं आहे, तो उद्या जाईल, त्यानंतर कधी ते त्यालाच माहीत नाही. म्हणून सगळं यातच लिहिते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली. थंडीमुळे भावजी घरी बसलेले नाहीत. साबिराच्या छपरावरून उतरताना घसरले, घोटा मोडला आहे. प्लास्टर आहे. तुम्हाला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती. शपथ मोडली, माझा नाइलाज आहे. नाहीतर ते केव्हाच तुमच्या दारात येऊन उभे राहिले असते, तुम्ही हाकललं असतंत तरी. टॅक्सीत बसवून द्या म्हणून परवा हट्ट धरून बसले होते. डॉक्टरने दम दिला. आमची शेगडी ते खुर्चीत बसून सांगतात आणि जूमार्त आपल्या दुखऱ्या हातांनी रचतो. दोघे मिळून एक उस्ता होतो.

आज कारिपबाय आले होते. म्हणाले, घर उभं राहिलं, गावातली धुराडी पाहून झाली, आता तक्रारीचा कागद फाडू या. कालिपाचा, म्हणजे तुमचा, राग त्या कागदावर आहे. कागद गेला की राग जाईल, राग गेला की ती बुरूलचा माळा उघडू देईल.

जाऊबाई, मी कागद काढून आणला. टेबलावर ठेवला. मी हट्टी आहे, सगळं गाव म्हणतं, पण त्या बाळापुढे माझा हट्ट काय चीज आहे? मी फाडायला घेतलाच होता.

भावजींनी माझ्या हातावर हात ठेवला. मोठे दीर असे कधी हात लावत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "फाडू नकोस, उमुतकान. तू फाडलास तर तिला वाटेल, धुराडं चांगलंच होतं. मग ती चढणारच नाही वर."

म्हणून मी तक्रार मागे घेत नाही. ती खरी आहे. तुम्ही माझ्यावर जन्मभर राग ठेवा, इथे आलात तर माझं तोंड पाहू नका, मी समोरच्या रस्त्याने जाणार नाही. पण आता मी सांगते तेवढं करा. भावजी शब्दन् शब्द सांगताहेत.

शेगडी चांगली पेटून खोली तापली की माळ्यावर चढा. धुराड्याभोवती राख आणि माती घातलेली आहे, ती फावड्याने बाजूला करा, लाकूड दिसेपर्यंत. मग तुळईवर तळहात ठेवा. हात नुसता ठेवून उभं राहता आलं तर खाली या, चहा प्या आणि मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. हात ठेवता आला नाही तर लगेच विस्तव काढा, बाळाला घेऊन शेजारी जा, आणि जावयाला पाणी घेऊन वर पाठवा.

तुमचा त्यांच्या कामावर विश्वास आहे. त्यांचाही होता. भावजी म्हणतात, हे लिहू नको. लिहिते आहे.

उमुतकान

•

चोलोक-बेल, १६ डिसेंबर

जाऊबाई,

शायलोबेक काल दुपारी आला. हॉर्न वाजवत आला नाही, गुपचूप आत आला. त्याने पिठाची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत तुळईचा तुकडा होता. एका बाजूला कापडाची गाठ, अजून पिवळी. दुसऱ्या बाजूला काळा कोळसा, इतका खोल की माझी मूठ बसली असती.

मी आधी एकच विचारलं. तो म्हणाला, बाळ ठीक आहे, बुरूल ठीक आहे, शेजाऱ्यांकडे आहेत, तिकडची म्हातारी त्यांना घरी जाऊ देत नाही. मग मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने रडले. शायलोबेकने चहा केला. तुमच्या घरात त्याला साखर कुठे असते हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

त्याने सगळं सांगितलं. जावई कामावर होता, तुम्ही थांबला नाहीत. या वयात शिडी लावून स्वतः चढलात. फावड्याने माती सारलीत, हात ठेवलात आणि तिथेच कातडी सोलली गेली. तुळईतून धूर निघत होता, आणि तुम्ही ओरडला नाहीत, कारण बाळ नुकतं झोपलं होतं. खाली येऊन बुरूलला म्हणालात, "शेजारी चहाला चल." आणि ती दारातून बाहेर पडल्यावर मग बादल्या.

जाऊबाई, मला वाटायचं, माझी पत्रं चुलीत जातात. तुम्ही वाचत होतात. सगळी वाचलीत. गाईने लाथ मारली का, असं तुम्ही शायलोबेकला विचारलंत म्हणे. इतक्या रागात असूनही माझं अक्षर तुम्ही टाकून दिलं नाहीत. याचे उपकार मी कशाने फेडणार? दुलई नवी शिवता येईल. हे नाही फेडता येणार. मी आज सकाळपासून घरात फिरते आहे आणि ज्याला हात लावीन त्याचे आभार मानावेसे वाटतात, तुमच्या किटलीचे, तुमच्या खिडकीचे, त्या लाथाड्या गाईचेसुद्धा.

आमची शेगडी परवा पेटली. धूर सरळ वर गेला. जूमार्तने स्वतःच्या हाताने चमचा धरला. आम्ही सामान हलवत नाही अजून, कारण भावजींना एकटं कसं ठेवायचं. पलंग खिडकीजवळ लावला आहे, रस्ता दिसतो.

तो तुकडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला, उलटापालटा केला, कोळशावरून अंगठा फिरवला आणि कापडाच्या गाठीवर येऊन थांबले. ती गाठ तुमची आहे, त्यांनी ओळखली. रडले नाहीत. नातवाचं नाव एकदा तोंडात घोळवलं, एवढंच.

मग शायलोबेकने तुमचा निरोप सांगितला. चौघांसमोर, जसाच्या तसा, तुमच्याच आवाजात. त्याला नकला चांगल्या येतात. "उमुतकानला म्हणावं, कागद फाडलास तर बघ. घाट उघडला की मी येते. त्या कागदावर माझ्या सहीलाही जागा ठेव."

मी भावजींकडे पाहिलं नाही. नवऱ्याविरुद्धच्या तक्रारीवर बायकोची सही, ऐकून कुणालाही काय वाटेल? जूमार्त भिंतीकडे बघत होता. मी कागद काढला, सरळ केला आणि विचारलं, माझ्या नावाखाली बरीच जागा आहे, तिथे चालेल का.

भावजी म्हणाले, "खाली नको. वर ठेव जागा. ती थोरली आहे."

तुमची वाट बघणारी धाकटी,
उमुतकान